विसाव्या किलोमीटरवरचा खड्डा

११ ऑक्टोबर

खोटं कशाला बोलू. ही वही मी आले त्याच दिवशी लिहायला घ्यायची होती. भावोजींनी बजावून दिली होती, "रोज लिही, त्याच दिवशी लिही, मागाहून आठवून लिहिलेलं कामाचं नसतं." आज बाविसावा दिवस. पहिल्या पानावर पेन चालतं का ते बघायला ओढलेल्या रेघोट्या आहेत, एक कावळा आहे, आणि पुढे सगळं कोरं. रोज ठरवायचं आणि रोज काहीतरी आडवं यायचं. एकदा लिहायला बसले तर टेबल डुगडुगायला लागलं, म्हणून वहीच पायाखाली सरकवली. ती चार दिवस तिथेच.

तर आता सगळं एकदम.

मी डोंगरावरच्या वेधशाळेत आहे. वेधशाळा म्हटलं की लोकांना दुर्बीण वगैरे वाटतं, तसलं काही नाही. तीन खोल्या, एक उंच पत्र्याची शेड, अंगणात पांढऱ्या जाळीच्या पेट्या. आठवड्यातून दोनदा इथून फुगा सोडतात. फुग्याखाली पुठ्ठ्याची पेटी लोंबते, त्यात एक छोटा पंप आणि औषधाच्या पाण्याच्या दोन वाट्या. फुगा तीसेक किलोमीटरवर जाऊन फुटतो. तोवर कुठल्या उंचीवर ओझोन किती आहे, ते पेटी रेडिओने कळवत राहते. माझं काम म्हणजे फुगा भरताना धरायचा, दोरी धरायची, "पळ" म्हटलं की पळायचं. यासाठी कुठलीच पदवी लागत नाही हे बरं, कारण कॉलेज मी दीड वर्षात सोडलं. त्यानंतर फोटो स्टुडिओ, पोल्ट्री, तराजूचं दुकान, नर्सरी, आणि एक नोकरी सांगण्यासारखी नाही. ही सहावी. ताईने भावोजींकडे शब्द टाकला म्हणून मिळाली. वर म्हणाली, "इथूनही पळालीस तर मला तोंड दाखवू नकोस."

इथे कामावर आम्ही दोघंच. मी आणि काका. तीस वर्षं हेच करताहेत, निवृत्तीला एक वर्ष उरलंय. खालच्या गावात सगळे त्यांना 'फुगेवाले' म्हणतात. एकदा म्हणे कोणीतरी पोराच्या वाढदिवसाला दोन डझन फुगे मागायला चक्क वर चढून आला होता. काकांनी त्याला एकच दिला, बैलाएवढा.

आता खरी गोष्ट. भावोजी मुख्यालयात तपासणी विभागात आहेत. ते म्हणाले, "म्हाताऱ्याच्या आकड्यांत घोळ आहे. चार महिने झाले, विसाव्या किलोमीटरवर दर वेळी ओझोन कमी दाखवतो. दुसऱ्या एकाही ठाण्यावर नाही, फक्त यांच्याच डोंगरावर खड्डा! नजर ठेव. काम चोख झालं तर शहरात टेबलाची नोकरी, माझा शब्द."

म्हणजे मी फुगे धरायला आलेय आणि माणूस पकडायला.

१२ ऑक्टोबर

काकांच्या दोन वह्या आहेत. हिरवी मुख्यालयाला दाखवायची. निळी कपाटात, कुलपात. दोन वह्या कोण ठेवतो ते मला सांगायला नको.

१५ ऑक्टोबर

मी तराजूच्या दुकानात होते हे वर लिहिलंच आहे. सात महिने होते. तिथला मालक पारड्याखाली लोहचुंबक चिकटवून द्यायचा, खास गिऱ्हाइकांना. मापात पाप कसं करतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याचा एक नियम होता: माप आणि बघणारा यांच्यामध्ये आपलं अंग ठेवायचं. काका पेटी तयार करताना अगदी तसेच उभे राहतात. पाठ माझ्याकडे.

आज मी म्हटलं, "मी मदत करू का?"

"बाहेर फुग्याची दोरी सुकलीय का बघ."

दोरी सुकली होती. ती ओलीच नव्हती.

मग मी वाट्यांसाठी औषधाचं पाणी करून ठेवलं, परवा त्यांनी दाखवलं होतं तसं. त्यांनी हुंगलं, उजेडात धरलं आणि सरळ मोरीत ओतलं. "मडक्यातलं पाणी घेतलंस?" म्हणाले. मी म्हटलं, पाणी ते पाणीच ना. "भिंगरे, इथे पाणी म्हणजे पाणी नसतं," एवढंच, आणि पुन्हा आपलं आपण केलं. मला ते भिंगरी म्हणतात, पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून. नाव गोड आहे, पण गोड नाव ठेवणाऱ्यापासून सावध राहावं.

संशयाची दुसरी गोष्ट. कपाटात नवे हातमोजे आहेत, लहान मापाचे. काकांचे पंजे तर पराती आहेत. मग हे कोणासाठी? इथे आधी कोणी बाई येत होती का?

फुगा सुंदर गेला मात्र. सोडताना हात सोडवत नाही, आपण पण वर जावं असं वाटतं. आकडे आले. विसाव्या किलोमीटरवर दीडशे हवे होते, आले एकशे आठ. खड्डा. काका आकड्यांकडे असे बघत होते जसं कोणी आजाऱ्याच्या उशाशी बसून थर्मामीटर बघतं. नाटक असेल तर उत्तम आहे.

१८ ऑक्टोबर

संध्याकाळी आकाश जांभळं होतं. नेहमीचं तांबडं नाही, जांभळं, वांग्यासारखं, आणि सूर्य बुडून अर्धा तास झाला तरी विझेना. मी सगळी कामं सोडून पायरीवर बसले. काका चहा घेऊन आले आणि म्हणाले, "हा त्या डोंगराचा धूर."

दूर समुद्रातल्या बेटावर पाच महिन्यांपूर्वी एक ज्वालामुखी फुटला, ते मी पेपरात वाचलं होतं. म्हणजे फोटो पाहिला होता.

"तोच ओझोन खातोय का?" मी विचारलं. मुद्दामच, सापळा म्हणून.

"तो बिचारा कशाला खाईल? असं बघ. गावात एक गुंड आहे समज. क्लोरीन. आपल्याच जुन्या फ्रिजमधून, फवाऱ्यांतून वर गेलेला. ओझोन दिसला की फोडतो, आणि स्वतः धडधाकट, पुढच्याला फोडायला मोकळा. पण गावात हवालदारही आहेत, नायट्रोजनचे वायू. ते गुंडाला बेड्या घालून बसवतात. म्हणून एरवी गाव चालतं."

"मग?"

"मग डोंगर फुटला. गंधकाचा वायू पार वर गेला, महिना-दोन महिन्यांत त्याचं आम्ल झालं. बारीक बारीक थेंब, मोजता येणार नाहीत इतके. ते थेंब म्हणजे चहाच्या टपऱ्या. हवालदार टपरीवर टेकले, आणि टेकले ते टेकलेच, आम्ल होऊन. आता बेड्या कोण घालणार? गुंड मोकाट."

"म्हणजे दोष टपरीवाल्याचा."

"त्याने नुसती टपरी घातली गं. गुंड आपण पाळलेला."

मी हसले. मग लगेच सावध झाले. तराजूवाला मालकही असाच रंगवून सांगायचा, आणि गिऱ्हाईक पारडं सोडून त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं.

"पण बाकीच्या ठाण्यांवर खड्डा का नाही?" मी म्हटलं.

काकांनी कप खाली ठेवला. "एकशेवीसच्या खाली आकडा गेला की त्यावर 'यंत्रदोष' शिक्का मारायचा, असा मुख्यालयाचा नियम आहे. शिक्का बसला की कागद गेला. खड्डा कोणाला दिसणार?"

"तुम्ही शिक्का मारत नाही?"

"हिरव्या वहीत मारतो. सकाळी रेडिओवर मात्र आहे तोच आकडा वाचतो."

निळ्या वहीचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही काढलं.

१९ ऑक्टोबर

फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की येते. टाकीवर उकिडवं बसून भावोजींना सगळं सांगितलं. टपऱ्यांचं ऐकून ते खूप हसले. "मेहुणीबाई, तुला गुंडाळतोय तो. साधी गोष्ट आहे. गंधकाचा वायू पेटीत शिरला की वाट्यांमधलं औषध फसतं, ओझोन कमी दाखवतं. हे त्यालाही माहीत आहे. नाहीतर मग तो स्वतःच काहीतरी करतोय. काय करतो ते शोध."

मी विचारलं, समजा सापडलं, तर काकांचं काय होईल?

"ठाणं बंद होईल, दुसरं काय. आणि तीस वर्षांचे आकडे रद्द. एक खोटा म्हणजे सगळे खोटे." मग म्हणाले, "जागा मात्र मोक्याची आहे हं ती. रस्ता झाला की बघ."

हो, एक लिहायचं राहिलं. गेल्या आठवड्यात दोन माणसं टेप घेऊन अंगण मोजून गेली. साहेबांनी पाठवलंय म्हणाले. कुठल्या साहेबांनी ते विचारायला मी विसरले, कारण त्यांच्या गाडीत एक मुंगूस होतं. पाळलेलं! मांडीवर बसतं.

२३ ऑक्टोबर

सापडलं.

उद्या जोड-फुगा आहे, म्हणजे एका फुग्याखाली दोन पेट्या. काकांनी दहा दिवस खपून तयार केल्यात. जीपवाला पाण्याचे कॅन घेऊन आला तेव्हा ते हिशोबाला बाहेर गेले आणि दार नुसतं ओढलेलं राहिलं. मी आत गेले. दोन्ही पेट्या सारख्या, पण एकीच्या हवेच्या नळीवर काचेची आणखी एक नळी बसवलेली, वरून काळी टेप गुंडाळलेली. तोंडातून आत बघितलं तर विटकरी-लाल कागदाची घडी कोंबलेली.

म्हणजे हवा सरळ आत जातच नाही. लाल कागदातून गाळून जाते. पारड्याखालचं लोहचुंबक ते हेच! ओझोन कागदातच मरत असणार आणि आत पोचते ती उरलेली.

जीपवाल्याने मला बाहेर येताना पाहिलं. "काय गं, चोरी करून आलीस की चोर पकडून?" म्हणाला. तो सगळ्यांशीच असं बोलतो. 

२४ ऑक्टोबर

लिहून टाकते, मग जेवते.

सकाळी साडेआठला काका शेडमध्ये फुगा भरायला लागले. फुगा भरायला लागला की सोडून हलता येत नाही. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्याकडे फेकली. "भिंगरे, पेट्या तू आण. दोन्ही हातांनी धर." एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच किल्ली.

मला वाटलं, देवच दार उघडतोय.

काचेच्या नळीचं बूच काढलं, लाल कागद चिमटीने ओढला, टीपकागदाची तेवढीच घडी करून कोंबली, बूच लावलं. दीड मिनिट. लाल कागद संडासात टाकला. माझा विचार असा की आता दोन्ही पेट्यांना खरी हवा मिळेल, ओझोन पुरता दिसेल, खड्डा भरून निघेल आणि म्हाताऱ्याचं बिंग आपोआप फुटेल.

पेट्या दोन्ही हातांनी नेल्या. फुगा गेला.

टाकीवर चढून भावोजींना कळवलं. नक्की कुठला कागद, ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "शाब्बास. आता कोणाला बोलू नकोस."

बोटांच्या टोकांना तपकिरी डाग पडलेत, चुरचुरतंय. साबणाने जात नाहीत.

२५ ऑक्टोबर

खड्डा भरला नाही.

दोन्ही पेट्यांनी विसाव्या किलोमीटरवर एकशे सहाच दाखवले. दोन्ही. आलेखावर दोन रेघा, पण एकच वाटते, इतक्या चिकटून.

मला काही कळेना. विचारलं, "काका, दोन पेट्या कशासाठी होत्या?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. मुख्यालय म्हणतं, गंधकाच्या वायूमुळे औषध फसतं. तर तो वायू अडवायची गाळणी आहे. लाल औषधात भिजवलेला कागद गंधकाचा वायू धरतो, ओझोन पुढे जाऊ देतो. एका पेटीला गाळणी, एकीला नाही. वायूमुळे फसवणूक होत असेल तर गाळणीवाली पेटी जास्त दाखवेल. दोन्ही सारख्याच कमी आल्या तर खड्डा खरा.

म्हणजे तो कागद लोहचुंबक नव्हता. लोहचुंबक आहे की नाही हे तपासायचं ते साधन होतं. आणि मी ते काढून घेतलं. आता दोन्ही पेट्या बिनगाळणीच्या. त्या जुळणारच. खड्डा खरा असो की खोटा, जुळणारच.

"म्हणजे तुमचं खरं ठरलं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला.

काका आलेखाकडे बघत होते. "फारच जुळतात," म्हणाले. "गाळणी ओझोनलाही थोडं खाते. शेकडा दोन-तीन तरी. रेघा जरा सुटायला हव्या होत्या."

या माणसाला मनासारखं झालं तरी कुरकुर करायची सवय आहे.

मग म्हणाले, "बोटांना काय झालं?"

"गंज लागला. फाटकाचा."

त्यांनी मलम आणून दिलं. आणि ते लहान मापाचे हातमोजे. "तुझ्याच मापाचे मागवलेत. पुढल्या वर्षी हे सगळं कोणीतरी करायला हवं ना. औषधाला उघड्या हाताने शिवू नये."

मी औषधाचं नाव काढलं नव्हतं.

२६ ऑक्टोबर

काही लिहवत नाही. दिवसभर शेडचा पत्रा रंगवला. कोणी सांगितलं नव्हतं.

२७ ऑक्टोबर

काकांनी मुख्यालयाला पाठवायचं पाकीट तयार केलंय. आलेख आत, पत्ता घातलेला, पण चिकटवलेलं नाही. जीपवाला म्हणाला, "द्या, टाकतो पोस्टात." काका म्हणाले, "उद्या." कालही उद्याच म्हणाले होते.

माझ्या मनात सारखं येतं, की यांना कळलंय. कळलं असेल तर बोलत का नाहीत? माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय? की खोटं का होईना, आपल्या बाजूने आहे म्हणून गप्प बसलेत? दुसरं असेल तर भावोजी बरोबर म्हणायचे. पहिलं असेल तर मला इथे बसवत नाही. जेवताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते तर म्हणाले, "बटाटे कच्चे आहेत का?"

२८ ऑक्टोबर

भावोजींचा फोन, स्वतःहून. आवाज लग्नघरात असावा तसा.

"परवा सकाळच्या रेडिओवर त्याला जोड-फुग्याचे आकडे सगळ्या ठाण्यांसमोर वाचायला सांगितलंय. मानाने. पाच तारखेला समिती वर येतेय."

मला आधी हायसं वाटलं. म्हटलं, चला, म्हाताऱ्याचं कौतुक होतंय, मी गप्प बसले तर कोणाचंच बिघडत नाही.

"आणि समितीसमोर तू सांगायचंस," भावोजी म्हणाले.

"काय?"

"की गाळणी नव्हतीच. ती तू काढलीस, हे नाही सांगायचं. नुसतं, नळीत साधा टीपकागद होता, मी डोळ्यांनी पाहिला. खोटं आहे का त्यात? नाही ना? मग झालं तर."

खरंच, त्यात खोटं काही नाही. एवढ्या सफाईने तर तराजूवाल्या मालकालाही जमलं नसतं.

मी म्हटलं, "आणि खड्डा खरा असला तर?"

"तुला काय करायचंय? तू आपलं टेबल निवड, खिडकीपाशी पाहिजे की पंख्याखाली." मागून ताईचा आवाज आला, कोणाशी बोलताय? "कोणी नाही, ऑफिसचं आहे," म्हणाले.

टाकीवरून उतरताना गुडघा फुटला.

२९ ऑक्टोबर

पिशवी भरली. मग रिकामी केली. पुन्हा भरली. पळायचं तर मला येतं. पाच नोकऱ्यांमधून मी अशीच निघाले, कधी निरोपसुद्धा घेतला नाही. पण या वेळी माझ्या मागे एक माणूस आहे, त्याची तीस वर्षं आहेत, आणि वर आकाशात खड्डा आहे की नाही ते कोणालाच माहीत नाही. माझ्यामुळे.

पिशवी रिकामीच बरी.

३० ऑक्टोबर

रोज नऊ वाजता सगळी ठाणी रेडिओवर हजेरी देतात. मुख्यालय आकड्याने पुकारतं. ठाणे एक, ठाणे दोन. आम्ही चार. प्रत्येकाने आपले आकडे वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, मध्ये कोणी बोलायचं नाही.

पावणेनऊला मी काकांना म्हटलं, "मला काही सांगायचंय."

ते रेडिओची धूळ पुसत होते. "मला की सगळ्यांना?" त्यांनी विचारलं.

मी घड्याळाकडे बघितलं.

"मला सांगायचं असेल तर गरज नाही. रेघा बघितल्या तेव्हाच कळलं." फडकं घडी करून ठेवलं. "सगळ्यांना सांगायचं असेल तर आज आकडे तू वाच."

"पाच दिवस तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर तो माझा आरोप झाला असता. चूक करणाऱ्याने सांगितली की ती नोंद होते."

"आणि मी आज नसते बोलले तर?"

"तर मी वाचलं असतं, चाचणी वाया गेली, कारण माहीत नाही."

पाकिटातला आलेख बाहेर काढून त्यांनी उलटा केला. पाठीमागे तारखेसह लिहून ठेवलं होतं: 'गाळणी बहुधा नव्हती. धरू नये.' पंचवीस तारीख. म्हणजे पहिल्याच दिवशी.

मुख्यालयाने चार म्हटलं. मी बटणावर बोट ठेवलं, काकांनी वरून आपला पंजा ठेवला. मी म्हटलं, "ठाणे चार. चोवीस तारखेच्या जोड-फुग्याचे आकडे धरू नयेत. सोडण्याआधी एका पेटीची गाळणी मी काढली होती. काकांना न सांगता. मला वाटलं ते आकड्यांत लबाडी करतात. लबाडी मी केली." मग सुचेना. काकांनी दुसऱ्या हाताने निळी वही पुढे सरकवली, बेरजेवर बोट ठेवलं. म्हटलं, "बाकी एकाच पेटीचे सगळे फुगे खरे आहेत. विसाव्या किलोमीटरवर खड्डा, चार महिन्यांत एकतीस वेळा. निळ्या वहीत आहे. कोणाला बघायची असेल तर या."

मुख्यालय म्हणालं, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

नंतर नुसती खरखर. मध्येच कोणीतरी बटण दाबलं, श्वास ऐकू आला, आणि सोडलं.

"ठाणे पाच," मुख्यालय म्हणालं.

३१ ऑक्टोबर

भावोजींचे नऊ मिस्ड कॉल. दहावा उचलला. ते काय बोलले ते इथे लिहीत नाही. ताई कधीतरी ही वही वाचेल. शेवटी म्हणाले, समिती आता गाळणीची चाचणी मागेल, नसेल तर ठाणं पाच तारखेलाच बंद. मी विचारलं, अंगण मोजणारी माणसं तुम्ही पाठवली होती का? फोन कट. रेंज गेली असेल.

काकांना म्हटलं, पुन्हा जोड-फुगा सोडू, गाळणी करू.

"लाल औषध दोनच घड्यांपुरतं होतं. एक मी करताना वाया घालवली, एक तू." हे ते अगदी हिशोबी आवाजात बोलले, टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. "मागणी केलीय. मुख्यालयातून यायला तीन महिने."

"पाचला समिती."

"हो."

त्यांनी मला निळी वही दिली. बस, वाच म्हणाले. मी दुपारभर वाचली. खाडाखोड नाही एकसुद्धा. जिथे चुकले तिथे 'माझी चूक' लिहून पुढे गेलेत. पंधरा तारखेला: 'भिंगरीने पाणी केले. मडक्यातले. तिला शुद्ध पाणी का ते नीट सांगितले नाही, माझी चूक.'

१ नोव्हेंबर

फुगा सोडला, एकाच पेटीचा. पेटी मी तयार केली, हातमोजे घालून. काका माझ्या मागे उभे होते आणि मी जाणूनबुजून बाजूला सरकून उभी राहिले, म्हणजे त्यांना माझे हात दिसावेत. एकशे पाच.

"शिक्का?" मी विचारलं.

"आता कशाला," काका म्हणाले, आणि हिरव्या वहीतही एकशे पाच तसाच लिहिला.

संध्याकाळी ते कपाट आवरत होते. तीस वर्षांचे कागद, दोरीने बांधून. मी विचारलं नाही कशासाठी. आवरायला बसले.

२ नोव्हेंबर

सकाळपासून कागद बांधतोय. जीपवाला पाणी देऊन गेला आणि पाच मिनिटांत परत आला. मी हे लिहिता लिहिता खिडकीतून बघतेय. फाटकातूनच ओरडतोय, "काका! वळणावर या बाई भेटल्या, पायी चढत होत्या. ठाणे नऊ म्हणतात. आपल्याकडेच यायचंय!"

ठाणे नऊ म्हणजे दोन दिवसांचा प्रवास. पन्नाशीच्या बाई आहेत, केसात धूळ, पोटाशी पत्र्याची पेटी धरलेली, जीपवाला घ्यायला गेला तर देईनात. काकांनी नमस्कार केला तर यांचं लक्ष नाही, इकडेतिकडे बघताहेत.

"रेडिओवर बोलली ती पोरगी कुठाय?" म्हणतात. "तिला सांगा, माझ्याकडे गाळणीच्या सात जोड-फुग्यांचे आलेख आहेत, सातांतही खड्डा. शिक्का मारून पाठवले नाहीत. फाडलेही नाहीत. भीती वाटली म्हणून नुसते लपवले होते."

काका चप्पल न घालताच अंगणात उतरलेत. मी जाते.